वांग शुआंग : वुहानची फुटबॉलपटू आणि तिच्या परदेशवाऱ्या

वांग शुआंग ही चीनच्या महिला फुटबॉल संघातली गेल्या दशकभराची सर्वांत नावाजलेली खेळाडू. खेळते मधल्या फळीत, पण सतत गोलाच्या दिशेने. कधी बचावपटूंच्या मधून नेमका पास काढते, कधी लांबूनच फटका मारते. चिनी प्रेक्षक तिला मेस्सीची उपमा देतात. दक्षिण कोरिया, फ्रान्स, अमेरिका आणि इंग्लंड अशा चार देशांतल्या क्लबांकडून ती खेळली. नकाशावर या कारकिर्दीची रेघ मात्र सरळ बाहेर जात नाही. पॅरिसहून ती वुहानला परतली, तिथून अमेरिकेला गेली, मग लंडनला आणि शेवटी पुन्हा वुहानला. ब्राझीलचा किंवा सेनेगलचा एखादा खेळाडू युरोपात गेला की सहसा तिथलाच होतो. चीनच्या मुलींचे तसे होत नाही, आणि त्याची कारणे मैदानाबाहेर शोधावी लागतात.

तिचा जन्म २३ जानेवारी १९९५ चा, हुबेई प्रांताची राजधानी असलेल्या वुहानचा. आईवडील वेगळे झाल्यामुळे तिचे बालपण नातेवाइकांच्या घरी गेले. फुटबॉल ती प्राथमिक शाळेच्या वयातच खेळू लागली आणि लवकरच शहराच्या प्रशिक्षण व्यवस्थेत दाखल झाली. चीनमध्ये मुलगी फुटबॉल खेळते म्हणजे संध्याकाळी मैदानावर जाऊन घरी परतते, असे फार काळ राहत नाही. हेरलेल्या मुलीला क्रीडाशाळेत घेतात. राहणे, जेवण, अभ्यास आणि सराव सगळे तिथेच. पुढे तिची नोंदणी प्रांताच्या संघात होते. खर्च सरकार करते, आणि त्या खर्चाची परतफेड पदकांत अपेक्षित असते. दर चार वर्षांनी होणाऱ्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत कोणत्या प्रांताला किती पदके मिळाली, यावर तिथल्या क्रीडा अधिकाऱ्यांची पत ठरते. त्यामुळे चांगली खेळाडू ही आधी प्रांताची, मग देशाची आणि त्यानंतर जमले तर एखाद्या क्लबची, असा क्रम पिढ्यानपिढ्या पक्का झाला आहे.

या व्यवस्थेने चीनला फार लवकर वर नेले, हेही खरे. आशियाई महिला स्पर्धेच्या सुरुवातीच्या वर्षांत चीन मैदानात नव्हताच. १९८० मध्ये कोळिकोडला आणि १९८३ मध्ये बँकॉकला झालेल्या स्पर्धांत भारत उपविजेता होता. आज हे वाचून मराठी वाचकाला नवल वाटेल. १९८६ मध्ये चीन पहिल्यांदा उतरला आणि थेट विजेता झाला. मग १९९९ पर्यंत प्रत्येक वेळी तोच जिंकला. महिलांचा पहिला विश्वचषकही १९९१ मध्ये चीनच्याच ग्वांगडोंग प्रांतात भरला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये चीनला रौप्य मिळाले. १९९९ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना अमेरिकेविरुद्ध झाला, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या रोझ बोल मैदानावर ९०,१८५ प्रेक्षक होते. १२० मिनिटांत गोल झाला नाही आणि पेनल्टींवर चीन ५-४ ने हरला. त्याच काळात भारतातला महिला फुटबॉल मात्र निधी आणि सामन्यांवाचून वाळत चालला होता.

त्या चिनी संघाची कर्णधार शांघायची सुन वेन. १९९९ च्या विश्वचषकात तिने ७ गोल केले, सर्वोत्तम खेळाडूचा मानही तिलाच मिळाला. फिफाने विसाव्या शतकातली सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून अमेरिकेच्या मिशेल एकर्सबरोबर तिची निवड केली. अमेरिकेत २००१ मध्ये महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा सुन वेन अटलांटाच्या संघात गेली. लिऊ आयलिंग, गोलरक्षक गाओ हाँग अशा तिच्या काही सहकारीही अमेरिकी संघांत गेल्या. चिनी महिला फुटबॉलची ही पहिली मोठी परदेशवारी, आणि ती तीनच मोसम टिकली. पैसा संपल्याने २००३ च्या सप्टेंबरमध्ये लीग बंद पडली. त्याच वर्षीचा विश्वचषक चीनमध्ये व्हायचा होता, पण सार्सच्या साथीमुळे तो अमेरिकेला हलवला गेला. साथीमुळे स्पर्धा चीनबाहेर जाण्याची ही पहिली वेळ. दुसरी वेळ थेट वांग शुआंगच्या गावावर येणार होती.

सुन वेनच्या पिढीनंतर चीनची घसरण सुरू झाली. २००६ मध्ये आशियाई विजेतेपद मिळाले, ते त्यानंतर सोळा वर्षे पुन्हा मिळाले नाही. जपान पुढे गेला, २०११ मध्ये विश्वविजेताही झाला. युरोपातल्या मोठ्या पुरुष क्लबांनी महिला संघांत पैसा ओतला आणि खेळाचे केंद्रच तिकडे सरकले. ज्या देशाच्या मुली युरोपातल्या लीगमध्ये आठवड्यामागून आठवडा खेळत होत्या, त्या देशाचा संघ सुधारत होता. चीनच्या मुली तेव्हा महिनोन्महिने राष्ट्रीय शिबिरात एकमेकींविरुद्धच सराव करत होत्या.

वांग शुआंग या उताराच्या काळात वर आली. राष्ट्रीय संघात तिचे पदार्पण २०१३ मध्ये झाले. दक्षिण कोरियात देजॉनच्या क्लबकडून ती थोडा काळ खेळली. २०१५ च्या कॅनडातल्या विश्वचषकात ती होती आणि तिथे चीन उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. मायदेशात वुहान आणि मग दालियनच्या संघांकडून खेळताना तिचे नाव इतके झाले, की २०१८ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस सेंट जर्मेनने तिच्याशी करार केला.

पॅरिसमधला तिचा मोसम यशस्वी होता, हे आधी नोंदवायला हवे, कारण ती लवकर परतल्यामुळे तो फसला असा समज सहज होतो. फ्रेंच लीगमध्ये १८ सामन्यांत तिने ७ गोल केले. त्या वेळी जगातला सर्वांत बलाढ्य महिला संघ असलेल्या लिऑनच्या मागोमाग पॅरिस दुसऱ्या स्थानावर राहिले. चॅम्पियन्स लीगमध्ये त्यांना उपांत्यपूर्व फेरीत चेल्सीने दोन सामन्यांच्या बेरजेत ३-२ ने हरवले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मस्कतला आशियातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूचा पुरस्कार वांगला मिळाला. तिच्यासोबत अंतिम यादीत ऑस्ट्रेलियाची सॅम कर आणि जपानची साकी कुमागाई होत्या. या दोघींना मागे टाकणे ही साधी गोष्ट नव्हती.

तरीही २०१९ च्या उन्हाळ्यात कराराचे एक वर्ष बाकी असताना ती परतली. त्याच उन्हाळ्यात फ्रान्समध्ये विश्वचषक झाला होता आणि चीन उपउपांत्यपूर्व फेरीत इटलीकडून ०-२ ने हरला होता. पुढे टोकियो ऑलिंपिकची पात्रता होती. फिफाच्या नियमाप्रमाणे क्लबने खेळाडूला राष्ट्रीय संघासाठी सोडायचे ते ठरलेल्या दिवसांपुरतेच. चिनी पद्धतीच्या शिबिरांना तेवढे दिवस कधीच पुरत नाहीत. क्लबला खेळाडू मोसमभर हवी आणि चिनी फुटबॉल संघटनेला ती शिबिरभर हवी, या ओढाताणीत बहुतेक चिनी खेळाडूंना एक बाजू निवडावी लागते. त्यात भाषा, जेवण, घरापासूनचे अंतर यांचा भार वेगळा. वांगने घराजवळ राहून ऑलिंपिकची तयारी करण्याचे ठरवले.

पात्रता फेरीचा एक गट २०२० च्या फेब्रुवारीत वुहानमध्येच होणार होता. घरच्या मैदानावर खेळून टोकियोला जायचे, असा तो बेत. २३ जानेवारी २०२० रोजी करोनामुळे वुहान शहर बंद झाले, त्या दिवशी वांग पंचवीस वर्षांची झाली. स्पर्धा आधी नानजिंगला आणि मग ऑस्ट्रेलियाला हलवली गेली. संघ गेला, पण साथीमुळे अडकलेल्या चौघी जाऊ शकल्या नाहीत. वांग शुआंग, याओ वेई, ली मंगवेन आणि ल्यू युएयुन या त्या चौघी. ऑस्ट्रेलियात उतरलेल्या संघालाही सुरुवातीला हॉटेलात विलगीकरणात राहावे लागले आणि खोल्यांबाहेरच्या बोळात व्यायाम करावा लागला. इकडे वांग आपल्या इमारतीच्या गच्चीवर एकटीच चेंडू खेळवत होती. तिची ती चित्रफीत जगभर पाहिली गेली.

ऑस्ट्रेलियातल्या गटानंतरची पात्रतेची निर्णायक लढत साथीमुळे पुढे ढकलली गेली, आणि तिला जी संधी हुकली असे वाटत होते ती वर्षभराने परत आली. २०२१ च्या एप्रिलमध्ये चीनची गाठ दक्षिण कोरियाशी होती, दोन सामने मिळून निकाल. कोरियातल्या गोयांगला चीन २-१ ने जिंकला, त्यात वांगचा पेनल्टीवरचा गोल होता. सुझोऊतल्या परतीच्या सामन्यात कोरिया मध्यंतरापर्यंत २-० ने पुढे गेला. वांगच्या फ्री किकवर यांग मानने हेडरने एक गोल फेडला आणि जादा वेळेत १०४ व्या मिनिटाला वांगने स्वतः दूरवरून चेंडू जाळ्यात मारला. दोन्ही सामने मिळून ४-३. चीन टोकियोला गेला तो बऱ्याच अंशी तिच्या डाव्या-उजव्या पायांच्या जोरावर.

टोकियोत मात्र संघाचे पितळ उघडे पडले. ब्राझीलने ५-० ने हरवले, नेदरलँड्सने ८-२ ने. मधला सामना झांबियाशी ४-४ असा बरोबरीत सुटला आणि चीनचे चारही गोल वांग शुआंगचे होते. समोरून झांबियाच्या बार्ब्रा बांडानेही तीन गोल मारले. एका खेळाडूने चार गोल करूनही संघ जिंकत नाही, याहून त्या संघाच्या बचावाबद्दल अधिक काही सांगायची गरज नाही. प्रशिक्षक बदलले गेले. संघाची सूत्रे माजी खेळाडू श्वेई चिंगशिया यांच्याकडे आली आणि दोन-तीन महिन्यांतच त्यांना महाराष्ट्रात यावे लागले.

२०२२ चा महिला आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुणे इथे झाला. पुण्याचे सामने म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात होते. मुळशीच्या धरणाकडून येणारी मुळा नदी जिथे पुणे शहराला भिडते, तिथे मुळशी तालुक्याच्या वेशीवर हे संकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी ते उभारले गेले, २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धाही झाली. हिंजवडीच्या कचेऱ्यांकडे जाणारे हजारो लोक रोज त्याच्या आसपासून जातात. जानेवारी २०२२ च्या त्या दोन-तीन आठवड्यांत आशियातल्या उत्तमोत्तम महिला फुटबॉलपटू इथे खेळून गेल्या, याची गावाला फारशी खबर नव्हती. करोनाची लाट होती, संघ जैवसुरक्षा कवचात होते. जपान आणि दक्षिण कोरिया यांचा गट इथेच खेळला. उपांत्यपूर्व फेरीत कोरियाने बलाढ्य ऑस्ट्रेलियाला १-० ने घरी पाठवले ते इथेच. फिलिपिन्सने पेनल्टींवर चिनी तैपेईला (म्हणजे तैवानला) हरवून पहिल्यांदा विश्वचषकाचे तिकीट काढले, तेही इथेच.

चीनचा गट मुंबईकडे होता. त्याच गटात यजमान भारतही होता. पण इराणशी पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सोडवल्यानंतर भारतीय संघात करोना पसरला, सामन्यासाठी लागणाऱ्या तेरा खेळाडूही उभ्या राहू शकल्या नाहीत आणि संघ स्पर्धेतून बाद धरला गेला. भारत आणि चीन यांची लढत झालीच नाही. चीनने चिनी तैपेईला ४-० आणि इराणला ७-० ने हरवले. वांग शुआंगने या टप्प्यात गोल केले. उपांत्यपूर्व सामन्यात व्हिएतनामने सुरुवातीलाच आघाडी घेतली, तेव्हा बरोबरीचा गोलही तिचाच होता. तो सामना चीन ३-१ ने जिंकला.

३ फेब्रुवारीला बालेवाडीत उपांत्य सामना होता, समोर गतविजेता जपान. जपानच्या उएकी रिकोने पूर्वार्धात गोल केला. मध्यंतरानंतर लगेच वू चेंगशूने तो फेडला. जादा वेळेत १०३ व्या मिनिटाला उएकीने पुन्हा जपानला पुढे नेले. सामना संपायला मिनिटभर उरले असताना कर्णधार वांग शानशानने २-२ केले. ही वांग शानशान वांग शुआंगची कुणी नात्यातली नव्हे, आडनाव एवढेच समान. पेनल्टींमध्ये गोलरक्षक जू यूने जपानचे दोन फटके अडवले आणि चीन ४-३ ने पुढे गेला. बालेवाडीच्या मैदानावर झालेल्या फुटबॉल सामन्यांत याच्या तोडीचा दुसरा सापडणे कठीण.

६ फेब्रुवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर अंतिम सामना झाला. दुखापतीमुळे वांग शुआंग त्यात खेळू शकली नाही. मध्यंतराला दक्षिण कोरिया २-० ने पुढे होता. ६८ व्या मिनिटाला तांग जियालीने पेनल्टीवर पहिला गोल केला. ती त्या मोसमात लंडनच्या टॉटनहॅमकडून खेळत होती. चारच मिनिटांनी एकवीस वर्षांच्या झांग लिनयानने बरोबरी साधली. भरपाई वेळेत शियाओ युयीने तिसरा गोल केला. चीनचे हे नववे आशियाई विजेतेपद. ज्या खेळाडूच्या खांद्यावर दोन वर्षे सगळा संघ होता, ती बाहेर बसलेली असताना ते मिळाले. या विजयाने चीनमध्ये महिला संघाचे कौतुक उसळले आणि परदेशी क्लबांकडे जाण्याची वाटही मोकळी झाली. जिंकून दाखवलेल्या मुलींना अडवणे संघटनेला अवघड होते. पुढच्या विश्वचषकासाठी खडतर सामन्यांचा सराव हवा, हेही पटू लागले होते.

त्या उन्हाळ्यात वांग शुआंग पुन्हा बाहेर पडली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ती अमेरिकेतल्या रेसिंग लुईव्हिल क्लबकडे गेली. लुईव्हिल हे केंटकी राज्यातले शहर, मुष्टियोद्धा मुहम्मद अलीचे जन्मगाव. अमेरिकेची लीग युरोपापेक्षा वेगळी आहे. खेळ अधिक धावपळीचा आणि अंगावर येणारा, संघांमध्ये फारसा उतरंडीचा फरक नाही आणि सामन्यांसाठी हजारो किलोमीटरचा विमानप्रवास. मधल्या फळीत चेंडू थांबवून विचार करणाऱ्या खेळाडूला तिथे वेळ कमी मिळतो. तरी ती टिकली. २०२३ च्या विश्वचषकात हैतीविरुद्ध चीनची एक खेळाडू लाल कार्डामुळे बाहेर गेलेली असताना तिने पेनल्टीवर एकमेव गोल करून सामना जिंकून दिला. इंग्लंडविरुद्धही तिने गोल केला, पण तो सामना चीन १-६ ने हरला आणि पहिल्यांदाच गटातूनच परतला. नवी मुंबईच्या विजयाने झाकलेले अंतर तिथे पुन्हा दिसले.

२०२४ च्या जानेवारीत टॉटनहॅमने तिला घेतले. झांग लिनयान तिथे आधीपासून होती. डी. वाय. पाटीलवर बरोबरीचा गोल करणारी ही ठेंगणी, चपळ खेळाडू मध्ये स्वित्झर्लंडमध्ये खेळून लंडनला आली होती. ली मंगवेन पॅरिसला गेली होती. म्हणजे २०२० मध्ये साथीमुळे अडकलेल्या चौघींपैकी दोघी युरोपात पोहोचल्या होत्या. त्याच मोसमात टॉटनहॅमचा महिला संघ पहिल्यांदा एफए कपच्या अंतिम फेरीत गेला आणि वेम्बलीवर मँचेस्टर युनायटेडकडून ०-४ ने हरला. तिशीच्या उंबरठ्यावर आलेल्या वांगला इंग्लंडमध्ये पॅरिससारखा जम मात्र बसवता आला नाही.

भारताशी तुलना इथे टाळता येत नाही. मणिपूरची बाला देवी २०२० च्या जानेवारीत स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली, तेव्हा ती परदेशात व्यावसायिक करार मिळवणारी पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू ठरली. पंजाबच्या मनीषा कल्याणने २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलॉनकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळून आणखी एक पहिला मान मिळवला. महाराष्ट्रातून अशी वाट अजून फारशी रुळलेली नाही. पुण्याची काजोल डिसोझा २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघात होती, एवढी एक खूण आहे. चीनच्या मुलींना सरकारी व्यवस्था सहजी बाहेर जाऊ देत नाही म्हणून अडचण, तर आपल्याकडे मुलींना बाहेर जाण्याइतके तयार करणारी व्यवस्थाच विरळ, ही अडचण. देशातली महिला लीगच आपल्याकडे २०१६-१७ च्या मोसमात सुरू झाली. चीनमध्ये राष्ट्रीय महिला लीग १९९७ पासून आहे.

वांग शुआंग २०२५ मध्ये पुन्हा वुहानच्या संघात होती. जियांगहान विद्यापीठाच्या नावाने खेळणारा हा संघ त्या वर्षी आशियाई महिला चॅम्पियन्स लीगच्या पहिल्यावहिल्या अंतिम फेरीत पोहोचला. सामना २४ मे रोजी वुहानमध्येच झाला, ऑस्ट्रेलियाच्या मेलबर्न सिटीविरुद्ध. १-१ अशा बरोबरीनंतर वुहानने पेनल्टींवर ५-४ ने करंडक जिंकला. २०२० मध्ये जी स्पर्धा साथीने या शहरातून नेली, तिच्या जागी पाच वर्षांनी आशियाचा क्लब करंडक तिथे आला, आणि या वेळी गावची खेळाडू गावात हजर होती.